परक्याचा चेहरा आणि आपला कॅमेरा

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र शरीराचे दर्शन भाविकांना खुले झाले. दर दहा वर्षांनी येणारा हा सोहळा २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत चालला. सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार अशा चहू दिशांनी यात्रेकरू आले. कोणी गाडीने, कोणी बसने, तर कित्येक जण आपल्या पूर्वजांच्या रीतीप्रमाणे पायी. डिसेंबरच्या आरंभी आम्हीही त्या गर्दीत होतो, आणि आमच्या गळ्यात कॅमेरा होता.

सकाळची साडेसातची वेळ असेल. से कॅथेड्रलकडे जाणाऱ्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली एक वृद्ध जोडपे बसले होते. खानापूरकडच्या एका खेड्यातून ती दोघे चालत आली होती. आजोबांच्या टाचांना फोड आले होते. आजी बाटलीतले पाणी हळूहळू ओतून त्यांचे पाय धूत होत्या आणि पदराने टिपीत होत्या. झाडाच्या पानांतून कोवळे ऊन नेमके त्या हातांवर पडले होते. आम्हांला पवित्र गुरुवारच्या विधीची आठवण झाली. क्षणाचाही विचार न करता आम्ही गुडघ्यावर बसलो आणि अगदी जवळून एकामागून एक सहा छायाचित्रे घेतली.

आवाज ऐकून आजींचे हात थांबले. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. आजोबांनी आमच्याकडे पाहिले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "फोटो काढलास ते राहू दे. पण बाळा, आधी नाव तरी विचारायचं होतंस."

पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगू. त्या एका वाक्याने आम्हांला जे शिकविले, ते वाचकांपुढे ठेवावे यासाठी हा प्रपंच आहे. यात्रेला, फेस्ताला, लग्नाला किंवा परगावी फिरायला जाणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबात आज निदान एक तरी कॅमेरा असतो. त्याला आपण मोबाईल म्हणतो, एवढाच फरक.

पूर्वीची रीत

आपल्या आजी-आजोबांच्या काळी छायाचित्र काढणे हा लहानसा समारंभच असे. तालुक्याच्या गावी फोटोग्राफरचे दुकान असे. लग्न ठरले, मुलगा बोटीवर निघाला, मुलीने मठात जाण्याचे ठरविले, की सारे कुटुंब धुतलेले कपडे घालून तेथे जाई. मागे रंगविलेला पडदा, पुढे खुर्ची. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोके घाली आणि सर्वांना श्वास रोखून धरावयास सांगे. त्या चित्रात कोणी हसत नसे, परंतु आपले चित्र निघत आहे हे प्रत्येकास ठाऊक असे. आपण जगाला कसे दिसावे, हे त्या माणसानेच ठरविलेले असे.

आता ती परिस्थिती राहिली नाही. चित्र केव्हा निघाले हे कित्येकदा ज्याचे निघाले त्यालाच कळत नाही. आणि निघालेले चित्र भिंतीवर न राहता तासाभरात शंभर घरांत पोहोचते. म्हणून पूर्वी जी संमती खुर्चीवर बसण्यातच सामावलेली होती, ती आज आपल्याला मुद्दाम, तोंडाने मागावी लागते.

एका आईची गोष्ट

नाव न विचारण्याची चूक मोठमोठ्यांच्या हातूनही झाली आहे. १९३६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, निपोमो नावाच्या गावाजवळ, वाटाण्याच्या शेतावर राबणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. थंडी-पावसाने पीक बुडाल्यामुळे मजुरांची उपासमार चालली होती. सरकारी खात्यासाठी छायाचित्रे घेणाऱ्या डोरोथिया लँग या बाई तेथे गेल्या. फाटक्या तंबूत एक बत्तीस वर्षांची स्त्री लेकरांना जवळ घेऊन बसली होती. लँगबाईंनी तिची काही चित्रे घेतली आणि त्या निघून गेल्या. तिचे नाव आपण विचारले नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

'स्थलांतरित माता' या नावाने ते चित्र जगभर गाजले. वर्तमानपत्रात ते येताच सरकारने त्या तळावर धान्य धाडले. एका चित्राने भुकेल्यांच्या तोंडी घास घातला, हे चांगलेच झाले. लँगबाई निर्दय नव्हत्या. गरिबांचे दुःख राज्यकर्त्यांना दिसावे म्हणूनच त्या गावोगाव हिंडत होत्या. परंतु धान्य येऊन पोहोचले तेव्हा ती माउली मुलांना घेऊन दुसऱ्या गावी निघून गेली होती.

तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. हे जगाला कळले ते १९७८ मध्ये, म्हणजे तब्बल बेचाळीस वर्षांनी. तेव्हा तिने बोलून दाखविले की, हे चित्र निघालेच नसते तर बरे झाले असते. त्यातून आपल्याला काहीच मिळाले नाही. त्या एका चित्राने ती जन्मभर दारिद्र्याची खूण होऊन बसली होती. वास्तविक तिने कष्ट करून मुले वाढविली होती. १९८३ मध्ये ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या मुलांनी मदतीची हाक दिली आणि त्या चित्राची आठवण ठेवणाऱ्या अनोळखी लोकांनी हजारो डॉलर पाठविले. त्याच वर्षी ती निवर्तली.

ही गोष्ट आम्ही पूर्वीही वाचली होती. तिचा अर्थ मात्र खानापूरच्या त्या आजोबांनी सांगितला. आमच्या सहा चित्रांत दोन माणसे होती, परंतु आम्हांला दिसले होते ते फक्त पाय, पाणी आणि ऊन.

कायदा कोठपर्यंत येतो

आपल्या चेहऱ्यावर आपला हक्क आहे, हा विचार कायद्यात कसा शिरला तेही जाणण्यासारखे आहे. जर्मनीचे माजी पंतप्रधान बिस्मार्क ३० जुलै १८९८ च्या रात्री वारले. हँबुर्गच्या दोन छायाचित्रकारांनी त्यांच्या घरात चोरून प्रवेश मिळविला आणि मृत्युशय्येवरील देहाचे चित्र घेतले. ते विकून पैसा करावा असा त्यांचा बेत होता. कुटुंबीयांनी न्यायालयात धाव घेतली, चित्रे जप्त झाली आणि त्या दोघांना तुरुंगात जावे लागले. या प्रकरणाने लोकमत जागे झाले आणि १९०७ मध्ये जर्मनीत असा कायदा झाला की, माणसाचे चित्र त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करता कामा नये. गर्दीचे दृश्य, सार्वजनिक सभा, मिरवणूक अशांना त्यात सूट आहे. तो कायदा आजही तेथे लागू आहे. जर्मनीत नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींनी तो ध्यानी ठेवावा.

आपल्या देशात असा एकच सरळ कायदा नाही. सार्वजनिक रस्त्यावर चित्र घेण्यास सर्वसाधारण बंदीही नाही. तथापि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगी जीवन जपणे हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. स्त्रीच्या खाजगी क्षणाचे चोरून चित्र घेणे किंवा ते पसरविणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. लष्करी व नौदलाच्या ठिकाणांचे नियम वेगळेच आहेत. गोव्याचा दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आहे; तेथे खिडकीतून संरक्षणाच्या भागाचे चित्र घेण्याचा मोह आवरलाच पाहिजे.

परंतु कायदा आपल्याला कुंपण दाखवितो. कुंपणाच्या आत कसे वागावे ते सांगत नाही. ज्या रस्त्यावर चित्र घेण्यास कायद्याची हरकत नाही, त्याच रस्त्यावर एखाद्याचे मन दुखविण्यासही कायद्याची हरकत नसते. तेथून पुढचा भार आपल्या विवेकबुद्धीवर आहे.

कोणाला विचारावे, कसे विचारावे

येथे कोणी म्हणेल, "प्रत्येकाला विचारीत बसलो तर सहज चित्र मिळणार कसे? माणूस लगेच ताठ होऊन उभा राहतो." ही शंका खोटी नाही. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या विख्यात फ्रेंच छायाचित्रकाराने तर आपल्या लहानशा कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून टाकले होते, ते कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणूनच.

आमचे मत असे की, सर्वच चित्रे एका मापाने मोजू नयेत. मिरवणूक, बाजार, बसस्थानक, फेस्ताची गर्दी अशा दृश्यात पन्नास माणसे असतात आणि त्यांतील एकही चित्राचा विषय नसतो. तेथे प्रत्येकाला विचारणे शक्यही नाही आणि आवश्यकही नाही. परंतु एकच माणूस जेव्हा चित्राचा विषय होतो, तेव्हा विचारावे. आणि तो माणूस रडत असेल, प्रार्थना करीत असेल, जेवत, निजलेला किंवा अंग धूत असेल, आजारी अथवा दुःखी असेल, तर विचारल्यावाचून बटणाला बोटही लावू नये. त्या क्षणी विचारणेही शोभत नसेल, तर कॅमेरा पिशवीत टाकून पुढे जावे. त्याला काही हवे-नको पाहावे हे तर त्याहून बरे.

विचारण्याला फार शब्द लागत नाहीत. कॅमेरा खाली धरावा, डोळ्याला डोळा द्यावा, हसून नमस्कार करावा आणि दोन शब्द बोलावे. गोव्यात 'फोटो काडूं?' एवढे म्हटले तरी पुरते. परप्रांतात तेथील भाषेतील हे दोन शब्द आधी शिकून घ्यावेत. वयाने मोठ्या माणसाला मावशी, काका, आजी, जी हाक शोभेल ती मारावी. 'नको' म्हटले किंवा मान हलली, तर "बरं, राहू द्या" म्हणून आनंदाने निघावे. हुज्जत घालू नये, आणि दूर जाऊन लांबच्या भिंगाने तेच चित्र चोरून घेणे तर सर्वस्वी वर्ज्य. 'हो' मिळाले, तर एक ताठ उभ्या माणसाचे चित्र घ्यावे, ते त्याला दाखवावे, आणि मग घाई न करता तेथेच दहा मिनिटे बसावे. कासार आपले काम पुन्हा सुरू करतो, मासेवाली गिऱ्हाइकाशी बोलू लागते. जे सहज चित्र हवे होते ते तेव्हा मिळते, आणि ते चोरलेले नसते.

बाजारात गिऱ्हाईक उभे असताना विकणाऱ्याच्या पुढ्यात उभे राहू नये. त्याचा धंदा खोटी होतो. त्याच्याकडून चार लिंबे किंवा एक वाटा मासे आधी घ्यावेत. मुलांच्या बाबतीत आईबापांची परवानगी घ्यावी, आणि फोटोसाठी मुलाच्या हातावर पैसे ठेवू नयेत. त्याने पाहुण्यापुढे हात पसरण्याची सवय आपणच त्याला लावतो.

दारातले पाहुणे

पणजीतील फोंतेन्यश हा भाग आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. पिवळी, निळी, तांबडी घरे, कौलारू छपरे, लहान सज्जे, अरुंद गल्ल्या. तेथे फिरताना काही भिंतींवर छायाचित्रे घेऊ नयेत अशा पाट्या दिसतात. परगावच्या माणसाला वाटते, केवढा हा तुसडेपणा! पण घटकाभर त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या जागी बसून पाहावे. सकाळी दार उघडावे तो पायरीवर कोणी अनोळखी बाई पोशाख सावरीत बसलेली; दुपारी डोळा लागावा तो खिडकीखाली हास्यकल्लोळ; म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यावे तर दारात तीन कॅमेरे. आपल्या अंगणात रोज असे घडले, तर आपणही पाटीच लावू.

म्हणून अशा वस्तीत जाताना आम्ही एक नियम पाळतो. घर रस्त्यावरून दिसते तेवढेच घ्यावे. पायरी, सज्जा, अंगण आणि उघड्या खिडकीचा आतला भाग हा घरातल्यांचा मानावा. कोणाच्या दाराला पाठ लावून उभे राहू नये. दारात कोणी बसलेले असेल, तर आधी घराची विचारपूस करावी. कित्येकदा फोटो राहून जातो आणि गप्पा रंगतात. तो तोटा म्हणता येणार नाही.

देवघरात

चर्चमध्ये कॅमेरा वापरण्याविषयी आम्हांला थोडे अधिक स्पष्ट बोलू द्यावे. पोप फ्रान्सिस यांनी ८ नोव्हेंबर २०१७ रोजी रोम येथे जमलेल्या भाविकांपुढे याविषयी खेद व्यक्त केला होता. मिस्सा हा काही खेळ-तमाशा नव्हे. धर्मगुरू आपली अंतःकरणे वर करावयास सांगतो, मोबाईल वर करावयास नव्हे, अशा आशयाचे ते बोलले. केवळ भाविकांचेच नव्हे, तर काही धर्मगुरूंचे व बिशपांचेही मोबाईल वर गेलेले पाहून आपल्याला दुःख होते, हेही सांगण्यास ते कचरले नाहीत. ते एप्रिल २०२५ मध्ये प्रभूकडे गेले. त्यांचा हा बोल आपण विसरू नये.

लग्नाच्या मिस्सेत नवरा-नवरीने वचन देण्याचा क्षण आला की, दहा-वीस पाहुणे मधल्या वाटेत येतात आणि मागे बसलेल्या आईला आपल्याच मुलीचे तोंड दिसत नाही. घरच्यांनी एकाच माणसावर हे काम सोपवावे आणि त्याने फादरांना आधी भेटून कोठे उभे राहावे ते विचारून घ्यावे. अंत्यविधीचेही तसेच. आखातात असलेल्या मुलाला सुट्टी मिळाली नाही, तर त्याने बापाचे शेवटचे दर्शन मोबाईलवर घ्यावे, यात गैर काहीच नाही. उलट ती एक दया आहे. परंतु ते चित्रण त्या मुलासाठी आहे, साऱ्या गावाच्या मोबाईलसाठी नाही.

जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये प्रवेश करताना दारावरची पाटी वाचावी. जेथे चित्र घेण्यास मनाई असेल तेथे ती पाळावी; जेथे मुभा असेल तेथेही दिवा चमकवू नये, मोबाईलचा आवाज बंद ठेवावा आणि प्रार्थनेत असलेल्याकडे कॅमेरा रोखू नये. तिपाई उभी करावयाची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आणि एक विनंती अशी की, आधी गुडघे टेकावे, मग कॅमेरा काढावा. हा क्रम उलटा झाला की, पुष्कळदा गुडघे टेकायचे राहूनच जातात.

आपल्या धर्मग्रामातील आणखी एका चालीविषयी लिहावेसे वाटते. नाताळात गरजू कुटुंबांना तांदूळ-साखर वाटताना, घेणाऱ्याला देणाऱ्यांच्या रांगेत उभे करून चित्र काढतात. हिशेबासाठी चित्र हवे असेल, तर पोत्यांचे घ्यावे, काम करणाऱ्या हातांचे घ्यावे. मदत घेणाऱ्या बापाचा चेहरा त्याच्या मुलांच्या शाळेत पोहोचू नये.

थोडे साधनांविषयी

आता ज्यांना चांगली चित्रे घ्यावयाची आहेत त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. प्रवासात लहान कॅमेरा मोठ्यापेक्षा बरा. मोठे भिंग पाहून माणूस बिचकतो आणि चालताना खांदाही दुखतो. ३५ किंवा ५० मिलिमीटरचे एकच भिंग रस्त्यावरच्या कामाला पुरते. कार्तिए-ब्रेसाँ यांचा तर बहुतेक जन्म ५० मिलिमीटरच्या भिंगावर गेला. अशा भिंगाने माणसाचे चित्र घ्यावयाचे तर त्याच्याशी बोलता येईल इतके जवळ जावेच लागते, हा त्याचा मोठा गुण. मोबाईलने घेत असाल तर बोटांनी चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. चित्र स्वच्छ येते.

चालणाऱ्या माणसासाठी सेकंदाचा २५० वा भाग, बसलेल्यासाठी १२५ वा भाग ही गती ठेवावी. त्याहून मंद ठेवल्यास चित्र हलण्याचा संभव असतो. डिसेंबरात सकाळी नऊपर्यंतचे आणि दुपारी चारनंतरचे ऊन चेहऱ्याला मानवते. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. तेव्हा माणसाला ओसरीच्या किंवा झाडाच्या सावलीत बसवावे. से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेकडे आहे, म्हणून त्याचे चित्र सकाळी घ्यावे. बॉम जेझू बासिलिकेचे तोंड पश्चिमेकडे. तिचा तांबडा जांभा दगड संध्याकाळच्या उन्हात खुलतो. पांढऱ्या चुन्याच्या भिंती कॅमेऱ्याला फसवितात आणि चित्रात मळकट येतात. तेथे उजेड थोडा वाढवून घ्यावा.

आपल्या कोकण-गोव्याच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. वातानुकूल गाडीतून उतरल्यावर भिंगावर बाष्प धरते. पंधरा-वीस मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

चित्र घेतल्यानंतर

चित्र घेऊन झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. ते कोठे पाठवावयाचे हा दुसरा प्रश्न उरतो, आणि पहिल्या प्रश्नाला मिळालेले 'हो' हे या दुसऱ्याचे उत्तर नसते. "गावच्या ग्रुपवर टाकू का?" असे निराळे विचारावे. मुलाचे चित्र असेल तर शाळेचे व गावाचे नाव त्यासोबत देऊ नये. चित्रात जागेची नोंद आपोआप होण्याची जी सोय मोबाईलमध्ये असते, ती अशा वेळी बंद ठेवावी. आणि कोणी "ते काढून टाक" म्हणाले, तर त्याच्या देखत काढून टाकावे.

आम्हीही त्या दिवशी तेच केले. आजोबांच्या शेजारी बसलो, क्षमा मागितली आणि त्यांना दाखवून सहाही चित्रे पुसून टाकली. ती सुंदर होती हे आम्ही नाकारीत नाही. तसे ऊन पुन्हा मिळणार नाही. मग आम्ही नावे विचारली. चार दिवसांच्या वाटेच्या गोष्टी निघाल्या. चोर्ल्याच्या घाटात कोणी चहा दिला, रात्री कोठे निजले. आजोबांचे वडीलही असेच पायी येत असत.

थोड्या वेळाने आजोबा स्वतःच म्हणाले, "आता काढ." पण तसे नव्हे. त्यांनी पिशवीतून इस्त्रीचा पांढरा सदरा काढून घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला. आजींनी पदर नीट केला आणि जपमाळ हाती घेतली. मग दोघे कॅमेऱ्याकडे सरळ पाहत, न हसता बसली, तालुक्याच्या गावच्या त्या जुन्या दुकानात बसावे तशी. आम्ही एकच चित्र घेतले. आठ दिवसांत कागदावर छापून पाठवितो असे वचन दिले आणि पत्ता वहीत लिहून घेतला.

घरी परतलो आणि कामाच्या रगाड्यात वही टेबलाच्या खणात राहिली. नाताळ गेला, नवे वर्ष गेले. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात खण आवरताना ती हाती आली, तेव्हा लाजून त्याच दिवशी चित्र छापून घेतले आणि टपालात टाकले. त्यात आमचा फोन नंबरही लिहिला होता. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. काका फेब्रुवारीत वारले. "काकूंनी फोटो आल्तारापाशी लावलाय," तो म्हणाला. "घरात दोघांचा एकत्र असा हा एकच आहे." मग थोडे थांबून म्हणाला, "काकांनी दोन-तीनदा विचारलं होतं, टपाल आलं का म्हणून."

एक चित्र छापावयास चहा-भज्याइतकेही पैसे लागत नाहीत. ते आठ दिवसांत गेले असते तर त्या वृद्धाने ते आपल्या हातांनी भिंतीवर लावले असते. हे ऋण आता फेडता येणार नाही. त्यांच्या नावे आम्ही मिस्सा अर्पण केली, आणि तेव्हापासून प्रवासाच्या पिशवीत तिकिटे लावलेली चार पाकिटे ठेवतो. ज्याचे चित्र घेतले त्याच्याच देखत पाकिटावर पत्ता लिहितो आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात ते टपालपेटीत टाकतो.

येत्या फेस्ताला, वेलांकण्णीला किंवा वांद्र्याच्या माउलीच्या यात्रेला जाताना वाचकांनी कॅमेरा जरूर न्यावा. आपल्या लोकांची, आपल्या वाटांची चित्रे निघालीच पाहिजेत; ती न निघती तर आपल्या नातवंडांना आपण कसे दिसत होतो ते कळणार नाही. फक्त बटण दाबण्याआधी नाव विचारावे, आणि दिलेला शब्द आठ दिवसांच्या आत पाळावा.